मुलाणी आबा आणि बंद दारांचं गाव

मुलाणी आबा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे. आधी डावा दंड बघायचे. कामशेतच्या बाजारात मी गळा फाडून पत्रकं वाटत होतो, तेव्हा पांढरी टोपी, बगलेत छत्री आणि पंच्याहत्तरी ओलांडलेला एक हडकुळा देह माझ्यासमोर येऊन थांबला. माझ्या टीशर्टची बाही त्यांनी सरळ वर सारली, लहानपणच्या लशीची खूण अंगठ्याने चाचपली आणि म्हणाले, "बरं टोचलंय. हात हलका असणार बाईचा. आता दाव तुजा कागुद."

लोणावळ्यातल्या आमच्या पाच जणांच्या संघटनेचं ते पत्रक. विषय साधा आणि संतापजनक होता. बेडसे लेण्यांच्या डोंगराखालच्या आबांच्या गावातलं आरोग्य उपकेंद्र उचलून हमरस्त्याला नेणार होते. का? तर म्हणे गावात पुरेशी माणसंच नाहीत! म्हणजे नर्सबाई जाणार, लसीकरण जाणार, आणि दिवस भरत आलेल्या बाईने भर पावसात ओढा ओलांडून तपासणीला जायचं. मी पहिलीच ओळ ठोकून दिली होती, 'या गावाला सरकारने आजवर काहीही दिलेले नाही!!!' चौथं उद्गारचिन्ह छापखानेवाल्याने छाटलं.

आबांनी ती ओळ वाचली आणि भर बाजारात छत्री आपटली. "काय बी दिलं न्हाई? मग मी काय तीस वर्सं हितं झक मारत होतो?"

हे खरंच होतं. त्या गावापुरतं सरकार म्हणजे आबाच होते. नोकरीला लागले ते देवीची लस टोचायला. देवी गेली तसं हिवतापाचं काम आलं. घरोघर ताप विचारायचा, बोट टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, भिंतीवर भेटीची तारीख टाकायची. पुढे सरकारने सगळीच कामं एका माणसाच्या गळ्यात घातली आणि त्याला 'बहुउद्देशीय' असं भारदस्त नाव दिलं. आबा म्हणायचे, "पगार एक, पिशव्या चार." पोलिओच्या एका रविवारी ते थेट वरातीत घुसले. घोड्यावर नवरदेवापुढे बसवलेल्या भाच्याचं तोंड उघडून त्यांनी दोन थेंब टाकले; पोरगं किंचाळलं, घोडा बुजला आणि नवरदेव बँडवाल्यांच्या मोठ्या ढोलावर जाऊन आदळला. वऱ्हाडी मारायला धावले. आबा शांत. "नवरदेव पडला तर उटतो. पोलिओनं पडलेलं पोर उटत न्हाई."

"आबा, हेच छापतो," मी हरखून म्हणालो. "नुसता जयजयकार करून टाकतो!"

"जयजयकार नगं. टारगेटाचं पण लिही." त्यांचा आवाज खाली आला. "नसबंदीचं टारगेट आलं तवा वरून हुकूम, माणसं आणा. आमी आणली. कशी आणली ते इचारू नगं. त्यानंतर मला बघून बापये डोंगरात पळायचे. तापानं फणफणलेला गडीबी माजी गोळी घेईना. इस्वास मोडाय एक साल लागलं, लेका. परत बसवाय निम्मी नोकरी गेली."

मी ते पत्रकाच्या पाठीवर लिहून घेतलं. माझ्या पत्रकी आयुष्यात सरकारकडून मिळालेला हा पहिला कबुलीजबाब.

पण सरकारच्या माणसं मोजण्यात गाव रिकामं निघालं कसं? माझ्याकडे उत्तर तयार होतं! बंगलेवाले, जमिनीचे दलाल, वरचे, खालचे, सगळ्यांचं कारस्थान. आबा खो खो हसले. "कारस्थान कसलं? मोजणीवाली पोरं आली ती भातलावणीत. एका दाराला कडी, लिव्हलं 'घर बंद'. फुडच्या दाराला कडी, 'घर बंद'. आरं, भाताची रोपं काय चुलीफुडं लावायची?"

मला खरं सांगायचं तर वाईट वाटलं. कारस्थान छापायला सोपं असतं.

अर्ज केले, धरणं धरलं, आणि वर्षभराने फेरतपासणीला जिल्ह्याचे एक साहेब आले. कधी? पुन्हा ऐन लावणीत! दारांना पुन्हा कड्या! मी घोषणा द्यायला तोंड उघडणार, तोच आबांनी टाळी वाजवली. "गावलं! सायेब, बूट काडा."

"कशाला?"

"गाव दावतो."

आबा पुढे, साहेब मध्ये विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, मागे रजिस्टर डोक्यावर धरून मी. पहिल्याच बांधावरून मी घसरलो आणि रजिस्टरसकट खाचरात बसलो. अख्खं गाव तिथेच होतं, ओणवं, चिखलात, इरली पांघरून. मला बघून हशाची लाट एका खाचरातून दुसऱ्या खाचरात गेली.

"ह्यो कुटला नवा बैल आणला, आबा?" चंद्राबाई ओरडली.

"बैल न्हाई, पुढारी हाय! चंद्रे, हात वर कर. सायबाला दाव माजी सही."

चंद्राबाईने चिखलाचा हात तसाच वर केला, बाही सारली. "बघा सायेब! पाच वर्साची मी कणगीत लपलेवते. ह्या मेल्यानं वढून काडून टोचलं!" मग शेजारणीने बाही सारली, मग तिच्या दिराने. खाचराखाचरांतून डावे दंड वर येऊ लागले आणि जो तो ओरडू लागला, "सायेब, हिकडं! हितंबी बघा!" साहेब बेडकासारखे या बांधावरून त्या बांधावर. आबा एकेक नाव, एकेक घर पुकारत होते, पाटीखाली झोपवलेल्या तान्ह्या पोरासकट, आणि मी चिखलाने माखलेल्या पानांवर लिहीत होतो.

"सायेब, आता तुमची बाही!" चंद्राबाई म्हणाली.

साहेब लाजले, पण सारली. लहानपणच्या लशीची खूण होतीच.

आबा म्हणाले, "बगा. तुमच्या गावातबी कुणीतरी मुलाणी हिंडलाच की."

साहेबांनी स्वतःच्या खुणेवरून एकदा अंगठा फिरवला. मग त्यांनी माझ्या हातातलं रजिस्टर घेतलं, शेवटच्या ओळीखाली रेघ मारली आणि म्हणाले, "केंद्र हलत नाही. मी तसं लिहून देतो."

लेखी पत्र पुढे महिन्याने आलं. त्यानंतरच्या हिवाळ्यात आबा गेले. पण माझ्या डोळ्यांपुढे आहे ती त्याच दुपारची गंमत. त्या धांदलीत आबांच्या तळपायात पत्र्याचा तुकडा घुसला होता, आणि नर्सबाई उपकेंद्रात धनुर्वाताचं इंजेक्शन भरून उभ्या होत्या. सगळ्या गावाला टोचणारा हा माणूस सुई बघून पांढराफटक! छत्री उचलून दाराकडे निघाला होता. मी एका बाजूने धरलं, चंद्राबाईने दुसऱ्या. खिडकीत निम्मं गाव.

"सिस्टर, उद्या घेतो. आज ऱ्हाऊ द्या, पाया पडतो!" आबांनी बोंब ठोकली.

सिस्टर शांतपणे कापूस भिजवत म्हणाल्या, "ओरडा आबा, खुशाल ओरडा. उद्या या, परवा या. मी आता इथंच आहे."