याडीला मी सांगितलंच नाही

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलतो आहे — की आता गप्प राहणंच जमत नाही म्हणून? कोण जाणे.

माझ्या आईला — आम्ही याडी म्हणतो — दमा होता. आमचा तांडा बोरी अरबपासून पायी तासाभरावर. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी दारव्ह्याला एका कचेरीत कारकून लागलो होतो. मी बंजारा आहे हे तिथं कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणजे — मी ठाऊक होऊ दिलं नव्हतं. कोणी टाकून बोललं होतं का? नाही. तरीही.

याडीला यवतमाळला डॉक्टरकडे नेलं. अंगात आरसे लावलेली काचळी, दंडापर्यंत बांगड्या. बाकावर मी तिच्या शेजारीच बसलो होतो, तेवढ्यात आमचे हेडक्लार्क बायकोला घेऊन आत आले. मी उठलो. उठून समोरच्या बाकावर, त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"गावाकडची बाई आहे जी."

मी हे म्हणालो. माझ्या आईसमोर.

आत डॉक्टर भराभर, पुस्तकी मराठीत बोलत होते. माणूस चांगला होता. गोळी नवी आहे, म्हणाले, स्टेरॉइड म्हणतात. दमा आवरेल, पण महिनोन्‌महिने घेतली तर हाडं आतून पोकळ होतात. म्हणून सोबत कॅल्शियमच्या गोळ्या, माशाच्या तेलाचा चमचा, दूध. रोज चालायचं. भिंत धरून टाचा उचलायच्या, पाठ ताठ ठेवायची. वाकून ओझं मात्र अजिबात उचलायचं नाही. "त्यांच्या बोलीत नीट समजावून सांगा," म्हणाले.

दार उघडं होतं. बाहेर हेडक्लार्क. आमची गोरबोली ओठांपर्यंत आली आणि तिथंच अडकली.

"सांगतो, साहेब."

बसस्टँडपर्यंत हेडक्लार्क सोबत होते. गोळ्यांची बाटली याडीच्या हातात दिली, दोन बोटं दाखवली — सकाळी एक, संध्याकाळी एक. कॅल्शियम मी विकत घेतलंच नाही. तिला एकटीला घेऊन बस गेली.

पुढच्या रविवारी सांगू, म्हटलं. रविवारी तांड्यावर गेलो तर याडी हसत होती. दम लागत नव्हता. दोन वर्षांनी पहिल्यांदा रानात जाऊन आली होती. तांड्यात मला कोणाची लाज होती? मग काहून नाही सांगितलं? सांगितलं असतं तर त्याच दिवशी काहून नाही सांगितलं, तेही सांगावं लागलं असतं. दमाच्या गोळ्या तेवढ्या आणून देत राहिलो. आठ महिने गेले — असेच.

एका सकाळी मी खाटेवर चहा पीत बसलो होतो. याडी पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या वाळल्या झाडांचा, भारा उचलायला वाकली. मी पाहत होतो. 'ठेव' — एवढा एकच शब्द होता. तो मनात आला, आणि मी चहाचा घोट घेतला.

काटकी मोडावी तसा आवाज झाला. पऱ्हाटीचाच असेल, असं वाटलं मला. याडी ओरडलीही नाही. तोंड उघडं ठेवून तशीच खाली बसली, आणि तिला परत उठता येईना.

यवतमाळला पाठीचा एक्स-रे फोटो काढला. मणका दबला होता. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "कॅल्शियम घेत होत्या ना? ओझं उचलू नका म्हणालो होतो मी."

त्या दिवशी बाहेर ओळखीचं कोणी नव्हतं. तरी मी म्हणालो, "सांगितलं होतं, साहेब. आयकतच नाही. अडाणी आहे."

टेबलावर पडलेल्या याडीनं डोळे उघडले. बोरीच्या बाजारात तिचा जन्म गेला होता — चार साधे शब्द तिला कळत नव्हते असं थोडंच? माझ्याकडे न पाहता, स्वच्छ वऱ्हाडीत ती बोलली —

"हाव, डाक्टरसायेब. पोरानं सांगतलं होतं. मीच नाही आयकलं."

काय सांगायचं राहिलं होतं हे तिला त्या घटकेपर्यंत ठाऊकसुद्धा नव्हतं. तरी तिनं ते आपल्या अंगावर घेतलं. मग तो पहिला दिवस, तो बाक, 'गावाकडची बाई' — तेही तिनं ऐकलंच असणार, नाही का?

गोळी एकदम बंद करता येत नव्हती. मग कॅल्शियम सुरू झालं, तेल, दूध. दुखणं ओसरल्यावर याडी रोज झोपडीची मेढ धरून टाचा उचलायची, रिकाम्या हातानं विहिरीपर्यंत चालून यायची. एक दिवस चुकवला नाही. मरेपर्यंत तिचं दुसरं हाड मोडलं नाही. म्हणजे डॉक्टरांचं सांगणं खरं होतं. ती ऐकणारी होती.

पाठ मात्र वाकली ती वाकलीच. माझ्या तोंडाकडे पाहायचं तर तिला मान तिरपी करावी लागे. ती पाहायची. त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलली नाही. मीही नाही.

लोक विचारत, याडीची पाठ कशानं वाकली? वयानं, असं मी सांगत असे. ती पन्नाशीचीही नव्हती.