अर्ध्यावर थांबलेलं स्तोत्र

जर्मनीत कायझर्सलाउटर्नला पीएचडी करत होतो तेव्हा मी चर्चच्या कॉयरमध्ये गात असे, यावर पुण्यात कुणी विश्वास ठेवत नाही. झालं एवढंच, की घरमालकीणबाईंनी मला आंघोळ करताना भूप आळवताना ऐकलं आणि ‘आल्झो, तर मग चला, खालच्या पट्टीच्या बासमध्ये पुरुष कमी आहेत’ असं सांगून तालमीला ओढून नेलं. बाईंपुढे नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. त्या स्वतः आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीत गायच्या. कॉयर बसवणारे त्यांचे यजमान, चर्चच्या संगीताचे प्रमुख. मी सवयीने प्रत्येक सुरावर मींड घेत पोचायचो आणि ते वैतागून ओरडायचे, “जिना चढून येऊ नका, सरळ दारातून या!” मला ते फार आवडायचे.

एका हिवाळ्यात ते गेले. कॉयरसाठी लिहीत असलेलं स्तोत्र शेवटच्या भागात अर्ध्यावरच राहिलं. त्यांच्या जागी आलेल्या तरुण ऑर्गनवादकाने खपून ते पुरं केलं आणि इथंच घोडं अडलं. बाईंनी त्याला बजावलं, “त्याने थांबवलं तिथे तुम्हीही थांबा. पुढचं त्याचं नाही.” त्यांनी कॉयरला येणंही सोडलं होतं. पोरगा अगदी रडकुंडीला आला. एकदा ऐका तरी, मग नको म्हणालात तर कागद कपाटात ठेवतो, अशी गयावया केली तेव्हा कुठे त्या तालमीला यायला तयार झाल्या.

मला यात भांडण काय तेच कळेना. गुरूने बंदिश द्यावी, शिष्याने ती फुलवावी; त्यात गुरूचं किती नि शिष्याचं किती, हे आमच्याकडे कोण विचारतं? जिन्यात भेटल्यावर मी बाईंना तसं सांगितलंही. प्लास्टिकच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत काच टाकताना पकडल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्याने खोलीत गेलो.

तालमीच्या दिवशी त्या पहिल्या बाकावर बसल्या. अंगात ओव्हरकोट, मांडीवर पर्स, म्हणजे उठून जायची पूर्ण तयारी. तोवर आम्ही शेवटचा भाग तुकड्यातुकड्यांनीच बसवला होता. सलग त्या दिवशी पहिल्यांदा. यजमानांचं लेखन संपलं ती जागा आली. आम्हा बासवाल्यांना तिथे विश्रांती होती. एरवी चाल मिरवणाऱ्या, वरच्या पट्टीतल्या सोप्रानो गप्प झाल्या आणि वर्षभर त्याच त्या दोन सुरांवर घुटमळणाऱ्या आल्टोंनी चाल उचलली. खालून, शांतपणे, आणि ती अशा एका सुरावर येऊन विसावली की माझा हात वर गेला नि तोंडातून निघून गेलं, “वा!”

चर्चमध्ये गाणं चालू असताना जर्मन माणूस खोकत नाही. माझा ‘वा’ तर छताला लागून परत आला. गाणं थांबलं. सगळ्या माना माझ्याकडे.

“काय म्हणालात?” बाईंनी विचारलं.

“आमच्याकडे जागा आवडली की तिथल्या तिथे सांगतात,” मी चाचरत म्हणालो. “शेवटपर्यंत धीर धरत नाहीत.”

त्या ऑर्गनवादकाकडे वळल्या. “ही चाल तुम्ही आल्टोंना का दिलीत?”

त्याला घाम फुटला होता. “त्या... कंटाळलेल्या दिसायच्या.”

बाई खो खो हसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. “लग्न झाल्यापासून मागत होते मी त्याच्याकडे. एकदा तरी चाल आम्हाला दे. जा, जा, म्हणायचा, पुढच्या खेपेला नक्की.”

त्यांनी ओव्हरकोट काढून बाकावर ठेवला आणि त्या आल्टोंच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. शेजारणीने आपला कागद त्यांच्यापुढे धरला.

“करा सुरू,” त्या त्याला म्हणाल्या. “आणि जरा सावकाश घ्या. इतक्या वर्षांनी मिळालीय.”