मुकुलची सुपारी

माझा भाऊ मुकुल आठल्ये हवाई दलात हेलिकॉप्टर चालवतो, विंग कमांडर आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बहुतेक चिडचिडच करणार आहे.

आम्ही डोंबिवलीचे. बाबा शाळेत गणित शिकवायचे. मुकुलच्या डोक्यात उडायचं खूळ कुठून शिरलं देव जाणे. आमच्या घरात तोवर कुणी स्कूटरसुद्धा धड चालवली नव्हती. पण परीक्षा देऊन पठ्ठ्या गेला, आणि जाताना घरचा सगळा देवधर्म सोबत घेऊन गेला. अथर्वशीर्ष म्हटल्याशिवाय तो इंजिन सुरू करत नाही. बर्फातल्या तळावर असतानाही त्याची संकष्टी चुकली नाही. तिथे डोंगराआड चंद्र काही दिसायचा नाही, मग हा चित्राला, म्हणजे बायकोला, फोन लावायचा. "डोंबिवलीत उगवला का गं?" ती गॅलरीत जाऊन बघून यायची, मग हा तिकडे घास तोंडात घालायचा.

पुरात छपरांवर अडकलेली माणसं त्यानं उचलून आणली, दरडी कोसळलेल्या गावांना औषधं पोचवली. स्वतःच्या घरी मात्र वेळेवर पोचणं त्याला कधी जमलं नाही. मुलीच्या बारशाला नव्हता. आई गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी आला. दर वेळी कारण एकच, ड्युटी. तो शब्द ऐकला की अजून माझं डोकं फिरतं.

आई होती तोवर गणपतीच्या पूजेला आई-बाबा बसायचे. आमच्याकडे जोडप्यानंच बसायचं असतं. आई गेल्यावर बाबांनी पाट सोडला आणि मान मुकुलकडे आला. मान आला, माणूस येईना. नवरा हजर नसला तर त्याच्या जागी सुपारी मांडून बायकोनं पूजा करायची, ही सोय शास्त्रात आहे. त्यामुळे गेली कित्येक वर्षं चित्रा एका पाटावर आणि शेजारच्या पाटावर सुपारी. दर वर्षी तीच, लाल कापडात बांधून देवघराच्या खणात ठेवलेली. घरात तिला 'मुकुलची सुपारी' म्हणतात. सुरुवातीला आम्ही हसायचो.

मग बाबांची आठवण जायला लागली. कधी मला ओळखतात, कधी मी शाळेतली शिपाईण असते. पाडव्याला त्यांचा दिवस चांगला होता. मुकुलशी फोनवर बोलताना म्हणाले, "मला कळतंय तोवर एकदा तू स्वतः पाटावर बैस. मग मी सुटलो."

मुकुलनं या एका गोष्टीसाठी वरिष्ठांशी पहिल्यांदा वाद घातला. रजा मिळाली. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी तो पुण्याला उतरला आणि पहाटे टॅक्सीनं निघाला. मी ठाण्याहून, खोपटच्या माझ्या घरून, सकाळीच डोंबिवलीला पोचले, त्याचं सोवळं दांडीवर वाळत घातलं. सगळं कधी नव्हे ते जुळून आलं होतं.

आणि मग शीळफाटा.

"अगं हेमांगी, गाडी इंचभर हलत नाहीये. पुढे ट्रेलर आडवा झालाय."

"अरे मग उतर ना! रिक्षा बघ!"

"रिक्षा पण अडकल्यात गं. मी चालत निघतो."

बर्फात टीचभर जागेत हेलिकॉप्टर उतरवणारा माणूस, आणि त्याला घराच्या अलीकडचा शीळफाटा ओलांडता येईना. तो रस्ता रुंद होतोय असं मी लग्नाआधीपासून ऐकतेय. संतापानं माझ्या हातातली दुर्वांची जुडीच सुटली.

गुरुजी घड्याळ बघत होते. त्यांना पुढे अजून घरं होती. "वहिनी, मध्यान्ह टळून चालणार नाही. सुपारी काढा."

"गुरुजी, थोडं थांबा ना. येईलच तो," मी म्हटलं.

"दर वर्षी येतच असतात," गुरुजी म्हणाले. मला त्यांना नारळ फेकून मारावासा वाटला. पण खरं होतं ते.

इकडे बाबा अस्वस्थ. "मुकुल कुठाय? मुकुलला बोलवा. देवाला ताटकळत ठेवू नका." शेवटी चित्रा उठली, खण उघडला, लाल कापड सोडलं आणि सुपारी पाटावर ठेवली. बाबा एकदम शांत झाले.

"हं, बैस आता," ते म्हणाले. मला वाटलं, चित्राला म्हणाले.

आरती झाली, गुरुजी गेले, आणि मग मुकुल दारात उभा राहिला. गुडघ्यापर्यंत धूळ, शर्ट पाठीला चिकटलेला. त्यानं पाटाकडे पाहिलं आणि काय ते समजला. माझ्यावर नाही, चित्रावर नाही, कुणावरच ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं मला. आंघोळ करून सोवळं नेसून आला.

"निदान एक फूल वाहतो. बाबांच्या समोर," म्हणाला, आणि पाटावर बसायला म्हणून सुपारी उचलू लागला.

बाबांनी खुर्चीतून वाकून त्याचं मनगट धरलं. इतका जोर त्यांच्यात उरला असेल असं मला वाटलं नव्हतं.

"अहो, तिथे नका बसू. तिथे मुकुल बसलाय."

चित्रानं तोंडावर पदर धरला. मी "बाबा, अहो हाच" म्हणायला गेले, पण मुकुलनं मान हलवून मला गप्प केलं. सुपारी होती तिथे ठेवली आणि स्वतः पाटामागे जमिनीवर मांडी घालून बसला.

"कुठून आलात तुम्ही?" बाबांनी विचारलं.

"शीळफाट्यावरून," तो म्हणाला.

"अरे बापरे. फार ट्रॅफिक असतं हो तिथे," बाबा म्हणाले. "आता प्रसाद घेतल्याशिवाय जाऊ नका."