काळी पाचपासून पांढरी तीनपर्यंत

गिटार घ्यायची ठरवली तेव्हा मी आधी यादी केली. ही माझी जुनी सवय. डहाणूच्या एका फुगे बनवणाऱ्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. रबराच्या पिंपांपासून पॅकिंगच्या सुतळीपर्यंत काय किती आहे आणि काय संपत आलंय, हे कागदावर असल्याशिवाय मला चैन पडत नाही. २०१४ साल होतं. पंचेचाळिशी ओलांडली होती, मुलगी शिकायला बाहेर गेली होती आणि संध्याकाळी घरात वेळ उरत होता. इंटरनेटवर वाचून मी मुद्दे काढले: तारा नायलॉनच्या की स्टीलच्या, खोका मोठा की लहान, वरची फळी सलग लाकडाची की प्लायची. शेवटचा मुद्दा माझा स्वतःचा होता, समुद्राच्या हवेत काय टिकेल. आमच्याकडे कुलपं, बिजागऱ्या, सायकलची साखळी, सगळ्याला गंज चढतो. तारा कशा सुटतील?

डहाणूत गिटारचं दुकान नव्हतं, म्हणून वापीला गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा होता.

"छोकरा माटे?" मुलासाठी का, असं त्याने गुजरातीत विचारलं.

"ना, मारा माटे."

त्याने मला एकदा नीट पाहून घेतलं. "बेसो काका. पहले पानी पियो."

मी कागद काढून एकेक प्रश्न विचारत गेलो. तो उत्तरं देत गेला आणि शेवटी म्हणाला, "इतना तो लोग लडकी देखने जाते हैं तब भी नहीं पूछते." पण गिटार त्याने चांगली दिली. मध्यम खोका, स्टीलच्या बारीक तारा, सलग फळी. सोबत सूर जुळवायचं छोटं यंत्र आणि एक कॅपो. कॅपो म्हणजे गिटारच्या मानेवर, धातूच्या फ्रेटपट्ट्यांमधल्या घरांत, बसवायचा चिमटा. तो जितका वरच्या घरात लावाल तितका सूर चढतो आणि बोटं मात्र तीच ठेवता येतात. नवशिक्याला याहून मोठी सोय नाही.

परतीच्या वाटेवर तलासरी लागते. तिथे ताईकडे थांबलो.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. तिने लग्न केलं नाही. तलासरीच्या पूर्वेच्या डोंगरपट्ट्यातल्या शाळांत नोकरी केली आणि निवृत्त होऊन दोन खोल्यांच्या घरात एकटी राहत होती. आई शेतावर असायची त्या वर्षांत मला तिनेच भरवलं, तिनेच मारलं. ती गायची. शाळेत प्रार्थना तिचीच, बायकांच्या भजनी मंडळात पहिला आवाज तिचाच. मी कधी गायलो नाही. एका घरात एक गाणारं माणूस पुरे, असं मी म्हणायचो.

"हे काय," तिने दारातच विचारलं, "तुणतुणं बाळंत झालं वाटतं?"

"हसू नकोस. शिकणार आहे मी."

"शीक की. या वयात कुणी दारू शिकतं, तू हे शीक."

पहिलं वर्ष माझ्या वेळापत्रकाचं होतं. सकाळी कामाला जायच्या आधी बोटांचे व्यायाम, संध्याकाळी एका कॉर्डवरून, म्हणजे बोटांच्या एका मांडणीवरून, दुसरीवर जाण्याचा सराव आणि रविवारी तलासरी. एकट्याने वाजवून ताल सुटतो की टिकतो ते कळत नव्हतं. कुणी गाणारं हवं होतं. ताईने गायचं ठरवलं ते आईचं गाणं. आई तांदूळ निवडताना ते म्हणायची. कुठल्या पुस्तकात ते नाही, तिला कुणाकडून आलं हेही ठाऊक नाही. तीन कडवी आहेत. पहिल्यात सून भाताच्या आवणीला चिखलात उभी आहे, दुसऱ्यात भात झोडते आहे, तिसऱ्यात सासूकडे माहेरी जायची परवानगी मागते आहे. ती मागते तिथे सूर एकदम वर उडी घेतो. ताई तिथे डोळे मिटायची.

तिने पेटीवर बोट ठेवून सांगितलं, "माझी पट्टी काळी पाच." पेटीवर सूर असे पट्ट्यांच्या रंगाने आणि क्रमाने ओळखतात. मी हिशेब केला, कॅपो तिसऱ्या घरात लावला आणि आमचं जमलं. अर्थात जमलं म्हणजे भांडण सुरू झालं. मी मोबाईलवर ताल मोजणारी टिकटिक लावून बसायचो आणि ती कडव्याच्या मध्येच एखादा शब्द लांबवायची.

"ताई, तू मागे राहतेस."

"मी मागे राहत नाही, तू पुढे पळतोस. बंद कर ती टिकटिक. सुनेला काय गाडी पकडायचीय?"

मी बंद केली नाही. नियमाने शिकायचं तर नियमानेच, असं माझं मत होतं. तरी त्या वर्षीच्या दिवाळीत आम्ही ते गाणं घरच्यांसमोर पूर्ण केलं. माझ्या बायकोने डोळे पुसले. ते गिटारमुळे नव्हतं हे मला ठाऊक होतं.

२०१६च्या हिवाळ्यात ताईचा खोकला राहिला. तिसऱ्या कडव्यावर सूर फाटला तेव्हा ती म्हणाली, "आज एक घर खाली घे." मी कॅपो दुसऱ्या घरात आणला. काही महिन्यांनी पहिल्या घरात आला. मला त्याचं काही वाटलं नाही. वयाने आवाज उतरतो, भजनात सगळ्यांचाच उतरतो. पुढे ती विहिरीवरून येताना वाटेत बसू लागली, तेव्हा तिला वापीला दाखवलं. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरला. फुफ्फुसं घट्ट होत चालली होती. औषधाने वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"गाणं म्हटलेलं चालेल?" ताईने विचारलं.

"म्हणा. दम लागला की थांबा."

गाडीत तिने रिपोर्टची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "हे बघ भाऊ, मला आईचं गाणं तिसऱ्या कडव्यापर्यंत म्हणता येतंय तोवर मी बरी आहे. बाकी रिपोर्ट तू सांभाळ."

मी रिपोर्ट सांभाळले. तारखांप्रमाणे फाईल लावली, गोळ्यांचे डबे भरले. पण तेव्हापासून माझा सगळा सराव त्या एका गाण्यासाठी झाला. झपाट्याने एकेक तार छेडायचे व्यायाम मी मोठ्या आवडीने गोळा केले होते, ते सोडून दिले. टिकटिक बंद केली. ताईला ओळ पुरत नव्हती, मध्ये श्वास लागायचा. तो केव्हा लागेल ते आधी सांगता यायचं नाही. मग मी तिच्या गळ्याखालच्या खळगीकडे बघून वाजवायला शिकलो. खळगी आत ओढली गेली की मी शेवटची कॉर्ड धरून ठेवायचो, खालच्या तारांवर दोन-तीन सूर उतरायचो आणि ती आली की तिच्याबरोबर पुढे जायचो. इतक्या व्हिडिओंमधून मी शिकलो, पण थांबायचं कसं हे कुणी शिकवलेलं मला सापडलं नाही.

कॅपो निघाला. आता पट्टी पांढरी पाच, काळी पाचच्या तीन घरं खाली. पेटीवर गाणं तिने आधीच सोडलं होतं, भाता हलवण्यातच तिचा दम जायचा. सूर आणखी खाली हवा म्हणाली तेव्हा मी सगळ्या ताराच सैल केल्या. एक घर उतरलं तोवर ठीक होतं. दुसऱ्यालाच तारा लोंबल्यासारख्या झाल्या आणि फ्रेटवर आपटून खरखरू लागल्या.

"ही तुझी गिटार पण माझ्यासारखी झाली," ताई म्हणाली. "घसा बसला तिचा."

मी पुन्हा वाचायला बसलो. उपाय एकच होता, जाड तारा. त्या खालच्या सुरातही ताठ राहतात. वापीला गेलो तर दुकानदाराने वेगळीच अडचण सांगितली. मानेच्या वरच्या टोकाला नट म्हणतात ती हाडाची पट्टी असते, तिच्या खाचांत तारा बसतात. जाड तारांना त्या खाचा घासून रुंद कराव्या लागणार होत्या.

"काका, एक बार घिसा तो घिसा. पतली तार फिर इसमें नाचेगी."

"घासा."

"सोच लो. आप तो सोचने वाले आदमी हो. गाता कौन है?"

"बहन."

त्याने गिटार मांडीवर घेतली. बारीक कानस घेऊन एकेक खाच घासली, मध्येच तार बसवून कानाशी धरून बघितलं. मी शेजारी बसून होतो. खरं तर यादीतल्या कुठल्याच मुद्द्यात हे बसत नव्हतं. माझ्या इतक्या नीट पारखून घेतलेल्या गिटारला आता एकच गळा चालणार होता.

पण खरखर गेली. जाड तारांनी बोटं पुन्हा सोलली आणि आवाज मात्र खोल, धीराचा निघाला. ताईने ऐकलं आणि पहिल्यांदा, एकही टोमणा न मारता, मान हलवली. त्या वर्षी ती पांढरी चारवर गायली. तिसरं कडवं गाठताना ओठ निळसर व्हायचे, मी थांबू का म्हणून बघायचो आणि ती डोळे वटारायची.

२०१८च्या दिवाळीनंतर जमीन हलायला लागली. तलासरीत आणि आमच्या डहाणूच्या पूर्वेच्या गावांत धक्के बसत होते. भिंतींना भेगा गेल्या, लोक घरं सोडून अंगणात, शेतात झोपू लागले. ताईला तोवर प्राणवायूचं यंत्र लागलं होतं. मी डहाणूला चल म्हणालो.

"मंडळातल्या बायका इथे उघड्यावर झोपतायत आणि मी तुझ्या स्लॅबखाली येऊ? नाही."

मग अंगणात ताडपत्री बांधली, खिडकीतून वायर ओढून यंत्र बाहेर आणलं, खाट बाहेर आली. एका दुपारी मी आत पाणी आणायला गेलो आणि धक्का बसला. भांडी खडखडली आणि खुंटीवरच्या गिटारच्या सहाही तारा आपोआप घुमल्या. मी धावत बाहेर आलो तर ताई हसत होती.

"ऐकलंस? धरणीला पण तुझ्यापेक्षा बरं वाजवता येतं."

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी तिने स्वतःहून गाणं मागितलं. ऊन ताडपत्रीच्या कडेपर्यंत आलं होतं. पट्टी विचारली, तर म्हणाली, "पांढरी तीन." मी तारा आणखी एक घर उतरवल्या. तिने नाकातली नळी तशीच ठेवून सुरुवात केली. पहिलं कडवं झालं, दोन-दोन शब्दांनी, प्रत्येक वेळी मी वाट बघत. दुसऱ्या कडव्यात भात झोडायची ओळ आली आणि पुढचा श्वास आलाच नाही. ती खाटेची कड धरून बसली. मी वाजवणं थांबवलं, तसा तिने हात हलवला. वाजव. मी वाजवत राहिलो. शब्दांशिवाय दुसरं कडवं संपलं.

"तू म्हण," ती म्हणाली.

"मी?"

"इथे आणखी कोण आहे?"

"ताई, मला येत नाही ते तुला माहीत आहे."

ती श्वास जमवत थोडं थांबली. मग एकेक शब्द वेगळा काढत म्हणाली, "पांढरी तीन आहे. पुरुष माणसं गातात या पट्टीत. मी इथवर खाली आले. आता तुला काय निमित्त?"

काळी पाचपासून एकेक घर मी स्वतः मोजून उतरवलं होतं. आपण कुणाच्या गळ्याकडे निघालोय, हे माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं.

मी तिसरं कडवं सुरू केलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. शेजारची बाई भांडी घासताना थांबली. ताईने तळहात पुढे धरला, चुलीवर शेकावा तसा आडवा. सूर चुकला की हात वर जायचा किंवा खाली. माहेरी जाऊ का म्हणून सून विचारते तिथे मी उडी घेतली आणि खालीच पडलो. तिचा हात वर गेला. मी पुन्हा म्हटलं. हात आणखी वर. "वर, मेल्या," तिने पुटपुटल्यासारखं केलं आणि हसू आलं म्हणून खोकली. तिसऱ्यांदाही सूर पुरता लागला नाही. तिने हात खाली घेतला, चालेल अशा अर्थाने, आणि मला पुढे जाऊ दिलं. मी शेवटच्या ओळीपर्यंत गेलो. शेवटची कॉर्ड धरून ठेवली आणि तिच्याकडे बघितलं.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. वाईट झालं. पण पूर्ण झालं."

मग तिने चहा मागितला.

त्यानंतर ती गायली नाही. उन्हाळ्यात तिला दवाखान्यात हलवावं लागलं आणि तिथेच ती गेली. जायच्या आधीचे काही दिवस तिला बोलता येत नव्हतं. घर आवरताना मी सामानाची यादी केली. पेटी भजनी मंडळाला दिली. यंत्र भाड्याचं होतं, ते परत केलं.

समुद्राच्या हवेने जाड तारा काळ्या पडल्या तेव्हा पुन्हा वापीला गेलो. दुकानदार म्हणाला, नट नवीन बसवून देतो, मग बारीक तारा लावा, हवं ते वाजवा. सल्ला योग्य होता. मी जाड ताराच घेतल्या.

रविवारी सकाळी वाजवायला बसतो. पहिली दोन कडवी नुसती वाजवतो. ती म्हणायला माझं तोंड उघडत नाही. तिसरं म्हणतो. वरच्या सुराशी मी अजूनही खाली पडतो, नेहमी तितकाच. वर घे म्हणून हात दाखवणारं कुणी नसतं, त्यामुळे तसाच पुढे जातो.