बाजूची काच

अगो, अशी जवळ ये आणि ऐक. गाडीच्या समोरच्या काचेवर नुसता हात फिरवून निघालीस, आणि बाजूच्या काचा दवाने पांढऱ्या तशाच! एवढी घाई कसली?

मीही एकदा अशीच घाई केली होती. लेक बाळंत व्हायची होती आणि मला कुडाळहून पहाटेची रेल्वे गाठायची होती. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर मात्र बाजूच्या काचांना आतून वाफ धरू नये म्हणून साबणाची वडी लावून, जुन्या बनियनने पुसत बसलेला.

“काच पुसतंस की देव न्हाणयतंस? माझी रेल्वे चुकतली!” मी करवादले.

तो हसला. “आजये, फुडल्या काचेत वाट दिसता. माणसां बाजूच्या काचेत दिसतत.”

पिंगुळीच्या वळणावर त्याने एकदम ब्रेक मारला. डावीकडच्या पाणंदीतून एक म्हातारा बैल घेऊन रस्त्यावर येत होता. ड्रायव्हरने हात केला, तसा तो निवांत पलीकडे गेला. रेल्वे मिळाली, नातही झाली. त्या भल्या माणसाचं नाव मात्र विचारायचं राहिलं.

आता सकाळी काठी टेकत मीच रस्त्याच्या कडेने दूध आणायला जाते. म्हणून सांगते बाय, सावकाश जा, आणि परत लवकर ये गो.