गाडी वळायला जागा

आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत. पुढचं शिकायचं तर वाटेतल्या बेलवलीवरून बदलापूर गाठायचं, आणि तिथवर पोरीला एकटीला चालत धाडायला आई तयार नव्हती. सातवी झाल्यावर मी घरी बसले. त्याच सुमारास गावाने बससाठी परिवहन खात्याकडे अर्ज केला. गावाला बस हवी होती आणि मला शाळा.

एके दिवशी खात्याचे साहेब रस्ता तपासायला रिकामी बस घेऊन आले. ती नुसती चाचणी होती, पण गावाला ते कुठलं कळायला? बस आली म्हणजे सुरूच झाली, असं धरून बायकांनी पुढच्या काचेवर हार चढवले, नारळ फोडला, ड्रायव्हरला कुंकू लावलं. साहेबांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "रस्ता ठीक आहे. पण गाडी वळणार कुठे? वळायला जागा नाही, तर गाडी नाही." मग ती बस हारांसकट गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत मागे मागे उलटी गेली. पोरं हसली. मी घरात जाऊन रडले.

गावात रस्त्याला लागून सपाट जागा एकच होती, आमचं खळं. दर वर्षी चोपून, सारवून त्यावर आम्ही भात झोडायचो. बाबांनी कुणाला विचारलं नाही, आईलाही नाही. चावडीवर जाऊन खळं दिल्याचं सांगून आले. "हात दाखवून अवलक्षण," काका म्हणाले. मला मात्र बाबांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. आमच्याकडे तशी रीत नव्हती.

खडी पडली, रोलर फिरला, बस सुरू झाली. गावातून हायस्कूलला जाणारी मुलगी मी एकटीच.

भात कापल्यावर खरी अडचण कळली. झोडणीसाठी बाबांना काकांचं खळं मागावं लागे, आणि मागणाऱ्याची पाळी नेहमी शेवटी. सख्ख्या भावाच्या दारात उभं राहून ते विचारायचे, "उद्या मोकळं होईल का?" दुसऱ्या वर्षी पाळीची वाट बघत भारे उघड्यावर राहिले आणि दिवाळीनंतर अवकाळी पाऊस लागला. दाण्यांना मोड आले. वर्षाचं खाणं गेलं.

सकाळी बाबा एकेक भारा उलटून बघत होते. मी दप्तर खाली ठेवलं आणि म्हटलं, "बाबा, मी नाही जात शाळेत. आपलं खळं परत मागा."

पलीकडे बस वळत होती. बाबांनी मान वर केली नाही.

"खडी पडलीय त्याच्यावर. खळं आता कुठनं परत येतंय?" ते म्हणाले. "तू पण घरी बसलीस तर माझं दोन्ही गेलं. जा, चढ."

मी चढले. रोज मी बाबा दिसतील अशा खिडकीशी बसायची. त्या दिवशी नाही बसले.