बापूसाहेब पुन्हा चकली खातात

हे खरं तर मी कोणाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं. सुनंदाताईंनी अभिप्रायाची वही माझ्या हातात दिली तेव्हाच बजावलं होतं, "लिहून घेताना कोण काय बोललं ते तुझ्यापाशीच राहील, दीपाली." मी मान हलवली. मी बहुतेक वेळा मानच हलवते. पण न बोलणाऱ्या माणसासमोर लोक फार बोलतात, आणि मग त्याच्याजवळ किस्से साठत जातात. आता इतके साठलेत की कुठेतरी ठेवल्याशिवाय राहवत नाही.

सुरतेत कतारगामला मराठी मंडळाच्या खोलीत बायकांचं एक वाचक मंडळ भरतं. बँकेत, शाळेत नोकरी करणाऱ्या, नाहीतर तशा नोकरीवाल्यांच्या घरच्या बायका. सुनंदाताई त्यांच्या प्रमुख. पूर्वी त्या मला शाळेत मराठी शिकवायच्या. पुस्तकाची एकच प्रत घ्यायची, प्रत्येकीने चार दिवस ठेवायची, परत करताना वहीत अभिप्राय द्यायचा. वाचायची हौस सगळ्यांना, लिहायचा कंटाळाही सगळ्यांना. माझं अक्षर बरं, म्हणून त्या सांगतात आणि मी लिहिते. मी नववीत आहे.

या दिवाळीचं पुस्तक होतं 'फराळ आणि फास'. हलकीफुलकी रहस्यकथा. सुट्टीसाठी सगळं कुटुंब डोंगरावरच्या बंगल्यात जमतं. पहिल्या आंघोळीच्या सकाळी श्रीमंत बापूसाहेब अंगाला उटणं लावलेले, मेलेले सापडतात. मग मायआत्या नावाच्या निवृत्त मुख्याध्यापिका लाडू वळता वळता खुनी शोधतात. रहस्यकथा, म्हणून ताईंनी एक जादा नियम केला. शेवट कोणीही कोणाशी बोलायचा नाही. दोघींचं वाचून झालं असेल तरी नाही!

मंडळात बारा जागा. एक बाई पुण्याला राहायला गेली म्हणून एक रिकामी होती. माझी आई मला सोडायला कोसाडहून यायची आणि माझं काम होईपर्यंत बाहेर पायरीवर बसायची. ती सातवी शिकली आहे. बाबा लूमवर जातात, आई घरी साड्यांवर खडे चिकटवते. एक दिवस ती पायरीवरून उठून आत आली आणि म्हणाली, "ताई, मला घ्याल का तुमच्यात?"

कोणी हसलं नाही. नुसते चष्मे वर झाले.

"हे पुस्तक वाचा, दिवाळीनंतरच्या बैठकीत मत सांगा, मग बघू," ताई म्हणाल्या. बाकीच्या अकराजणींना घेताना असं काही विचारलं नव्हतं.

घरी जाताना आई बसमध्ये दोनदा म्हणाली, "सभासदाच्या कार्डावर माझं नाव तूच लिहिशील ना?"

*

जोगळेकरकाकूंनी पुस्तक नेलं आणि चौथ्या दिवशी परत आणलं. मी वही उघडली.

"लिही. भाषा ओघवती. पात्रं जिवंत. उत्कंठा शेवटपर्यंत टिकते."

मी लिहिलं. मग रकाना होता म्हणून विचारलं, "आवडलेलं पात्र?"

"सगळीच गं."

"एक लिहायचंय, काकू."

काकूंनी पुस्तक उलटं केलं, मागचा मजकूर वाचला आणि म्हणाल्या, "मायआत्या." मग जरा खाली वाकून हळूच म्हणाल्या, "अगं, दिवाळीत वाचायला वेळ असतो का कोणाला? पण कव्हरवर पणत्या आहेत ना, पाहुणे येईपर्यंत टीपॉयवर छान दिसलं!"

*

चलथाणच्या काकू मात्र खरंच वाचतात. त्यांचे यजमान साखर कारखान्यात होते, म्हणून त्या अजून तिकडेच राहतात आणि बसने येतात. बसमध्येच त्यांचं पुस्तक वाचून होतं.

"लिही," त्या म्हणाल्या. "पान चोवीसवर चकलीची कृती दिली आहे. भाजणीत एवढं मोहन घातलं तर चकली तेलात विरघळते. या लेखिकेने आयुष्यात चकली केलेली नाही."

"आणि रहस्याबद्दल?"

"ते बरं आहे. खून केला असेल तिने एखादा!"

हे काही मी लिहिलं नाही. मग त्यांनी दाराकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी आल्या. "तू लहान आहेस, तुला नियम नाही. शेवटी काय होतं माहितीये? बापूसाहेब जिवंत निघतात! मायआत्या दिवा लावतात, सगळ्यांकडे बघतात, आपण पान उलटतो तर बापूसाहेब चकली खात बसलेले! अंगावर काटा आला माझ्या."

*

मला राहवलं नाही. त्या गेल्यावर मी पुस्तक उघडून पाहिलं.

एकशे साठाव्या पानावर मायआत्या दिवा लावतात आणि सगळ्यांकडे बघतात. पुढचं पान एकशे एकसष्ट नव्हतं. सतरा होतं. सतरा ते बत्तीस, सोळा पानं, पुस्तकात दोनदा बांधली होती. खरा शेवट त्यात नव्हताच. बापूसाहेब जिवंत झाले नव्हते, ते मरायच्या आधीची चकली पुन्हा खात होते.

मी वही मागे चाळत गेले. सात अभिप्राय झाले होते, सगळे माझ्याच अक्षरात. 'अनपेक्षित शेवट.' 'धक्कादायक, पण गोड.' सगळ्यात पहिला सुनंदाताईंचा: 'शेवटी काळाचं चक्र उलटं फिरतं आणि मृत्यूनंतर पुन्हा फराळ सुरू होतो. जीवनाचं एवढं मोठं तत्त्वज्ञान लेखिकेने सहज सांगितलं आहे.'

मी पुस्तक घेऊन ताईंकडे गेले. त्या फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, "असा शेवट आपल्याकडे कोणी लिहिलाच नव्हता हो!" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय गं?"

मी म्हटलं, "काही नाही. पाणी प्यायला आले."

*

जोगळेकरकाकूंची सून, ऋतुजावहिनी, हीसुद्धा मंडळात आहे. ती सुरतेतच वाढली, गुजराती शाळेत. बोलते छान, पण मराठी वाचायला बसली की दमते. तिने मला जिन्यात गाठलं.

"दीपू, स्टोरी सांग ना पटकन. खुनी कोण?"

एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मी कोणाला तरी खरं सांगितलं. "वहिनी, पुस्तकात तो भागच नाहीये. पानं चुकलीत." मी तिला उघडून दाखवलं.

तिने सतरा आकडा पाहिला, सोळा पानं पुढे गेली, मागे आली. ती घाबरलीच. "अरे! पण मम्मींनी तर लिहिलंय, उत्कंठा शेवटपर्यंत टिकते!"

"हो."

"मग मी कसं बोलू की शेवटच नथी?" तिने पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "तू लिही, सासूबाईंना जे वाटलं तेच मलाही वाटलं. चालशे."

*

शेवटची पाळी आईची.

ती बोट ठेवून वाचते, ओठ हलवत. चार दिवस तिने साड्या दुपारनंतर बाजूला सारल्या. बाबा म्हणाले, "आता काय परीक्षेला बसणार का?" ती म्हणाली, "हो."

मी तिला पानांबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. का नाही, ते मला माहीत आहे. इतर बायकांसारखं तिनेही 'छान आहे' म्हणावं, कार्ड घ्यावं आणि विषय संपावा, असं मला वाटत होतं.

चौथ्या दिवशी तिचं बोट थांबलं. तिने मागची पानं पाहिली, पुढची पाहिली.

"पोरी, हाई ते वाचेल शे!"

हे तर वाचलेलं आहे, असं ती म्हणत होती. आम्ही घरात अहिराणी बोलतो. मग ती हसायला लागली. "याले शेवटच नही शे! एवढ्या शिकेल बाया, कोणालेच दिसनं नही का?" तिला केवढा आनंद झाला होता! तिच्याकडे सांगायला काहीतरी होतं. दुसऱ्या कोणाकडे नव्हतं असं काहीतरी.

"आई, नको सांगूस," मी म्हटलं.

"का? मत विचारलंय ना त्यांनी?"

*

बैठकीला आई लग्नातली साडी नेसून आली. पायरीवर न बसता सरळ आत आली.

एकेक अभिप्राय मी उभं राहून वाचला. टाळ्या झाल्या. मग ताई म्हणाल्या, "पाटीलवहिनी, आता तुम्ही."

आईने घरी दहा वेळा म्हटलेलं वाक्य नीट म्हटलं. "ताई, पुस्तक चांगलं आहे. पण याला शेवट नाही. सतरापासूनची पानं पुन्हा लागली आहेत. खरी पानं राहून गेली."

जोगळेकरकाकूंनी चलथाणच्या काकूंकडे पाहिलं. ऋतुजावहिनीने स्वतःच्या चपलांकडे पाहिलं.

आईने टेबलावरच्या पुस्तकाकडे हात केला, दाखवते म्हणून. तेवढ्यात ताईंनी त्यावर आपला तळवा ठेवला.

"वहिनी," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "हल्लीच्या कादंबरीत असं असतं. शेवट सगळ्यांना कळेलच असं नाही."

आधी एक हसली, मग सगळ्या हसल्या. चलथाणच्या काकू जरा उशिरा हसल्या.

आईने माझ्याकडे पाहिलं. वही माझ्या हातात होती. मला फक्त 'ती बरोबर सांगतेय' एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द.

"दीपाली, लिही," ताई म्हणाल्या. "पाटीलवहिनींना शेवट नीट समजला नाही."

मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

कार्डाचं पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं. तोपर्यंत मुलांच्या कपाटातली सोपी पुस्तकं न्यायला हरकत नाही, असंही ताई म्हणाल्या. आई "बरं" म्हणाली. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी तिच्या हातांकडे. नखांत डिंक होता. तो तिने सकाळी अर्धा तास घासून काढला होता, तरी थोडा राहिला होता.

*

ताईंनी वहीच्या पानांचे फोटो काढून लेखिकेला पाठवले, आणि बापूसाहेब जिवंत निघाले तेव्हा आम्ही सगळ्या थक्क झालो, असंही कळवलं. एवढे छान अभिप्राय, तिला कळायला नकोत का? लेखिकेचं उत्तर आलं, ते ताईंनी न वाचताच कौतुकाने मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. मिनिटभरात काढूनही टाकलं. पण ऋतुजावहिनीने तेवढ्यात स्क्रीनशॉट घेतला होता.

त्यात एवढंच होतं: "बापूसाहेब जिवंत? अहो, माझे बापूसाहेब तर सदतिसाव्या पानावरच गेले!"

जोगळेकरकाकूंनी ग्रुपवर तेवढा एक फुलांचा गुच्छ टाकला.

*

आणि आता परवाचं. ताई आमच्या घरी आल्या! कोसाडला, तीन मजले चढून. अशा कधी येत नाहीत. धाप लागली होती. आईने साड्या सरकवून जागा केली, पाणी दिलं.

पिशवीतून त्यांनी एक नवी प्रत काढली, लेखिकेने पाठवलेली, सगळी पानं असलेली. मग एक कोरी वही काढली. मग एक कागद. कागदावर अकरा अभिप्राय होते, सगळे ताईंनीच लिहिलेले, पुढे अकराजणींची नावं. 'खुनी कळला तेव्हा थक्क झाले.' 'असा शेवट वाटलाच नव्हता.' ऋतुजावहिनीपुढे लिहिलं होतं, 'सासूबाईंशी सहमत.'

"लेखिका रविवारी सुरतला येताहेत," ताई मला म्हणाल्या. "वही बघायची आहे म्हणाल्या. तेवढं सुवाच्य उतरवून दे. जुनी वही मी ठेवून घेते."

आईने कागद वरून खाली वाचला, बोट ठेवून. "ताई, माझं पान?"

"तुमचं राहू दे ना वहिनी. तुमचा जरा गैरसमज झाला होता." आणि त्यांनी पिशवीतून कार्ड काढून आईसमोर ठेवलं. नाव आधीच लिहिलेलं होतं. "हे घ्या. आता तुम्ही आमच्यातल्याच."

आईने कार्डाला हात लावला नाही. ती उठली, मोरीत जाऊन हात धुतले, पदराला पुसले आणि नवी प्रत उचलली. मागून सोळा पानं मोजली. बोट ठेवून, ओठ हलवत वाचायला लागली.

ताईंनी पाणी संपवलं. घड्याळ पाहिलं. साडीवरचे खडे पाहिले. म्हणाल्या, "वहिनी, नुसतं चाळलं तरी चालेल." आई चाळत नव्हती. बऱ्याच वेळाने तिने पुस्तक मिटलं.

"कसा वाटला शेवट?" ताईंनी विचारलं. विचारावंच लागलं त्यांना.

"ताई," आई म्हणाली, "शेवट नव्हता तेच बरं होतं."

मग माझ्याकडे वळली. "लिख. कोऱ्या वहीत. पहिल्याच पानावर. खाली माझं नाव."

"दीपाली, हे लिहायचं नाही हं," ताई म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केला, पण वही माझ्या मांडीवर होती. दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी पेनाचं टोपण काढलं आणि…

थांबा, आई हाक मारतेय. "पोरी, आठे ये! साड्या लेवाले माणूस उना!" साड्या घ्यायला माणूस आलाय, गठ्ठा खाली न्यायचाय. आले गं आई, आलेच, फक्त हे एवढं वाक्य